लाँगबो कोणता घ्यावा, आणि शिकारीचं काय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका मित्राच्या शेतात आम्ही पाच-सहा जण दर रविवारी लाँगबोचा सराव करतो. कुणीतरी फोटो टाकला की आठवडाभर मोबाइलवर तेच तेच प्रश्न येत राहतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घाईत असाल तर प्रश्न २ आणि ३ तेवढे वाचा.

१. लाँगबो म्हणजे नक्की काय? ऑलिंपिकमध्ये दाखवतात तेच ना?

ते नाही. ऑलिंपिकमध्ये आपण पाहतो ते रिकर्व्ह. त्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात आणि त्यावर नेम धरायला साइट, तोल राखायला स्टॅबिलायझर असा बराच सरंजाम असतो. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली ती कंपाऊंडवर. त्यात टोकांना चाकं आणि केबली असतात, त्यामुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो. लाँगबोत यातलं काहीच नाही. जवळपास माणसाच्या उंचीची एक काठी आणि एक दोरी. दोरी चढवली की बाजूनं आकार इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो आणि दोरी फक्त दोन टोकांना टेकते. नेम धरायला साइट नाही, आणि ओढून धरलेला सगळा भार तुमच्या पाठीवर असतो.

२. सोलापूरच्या माळावर लाँगबोनं शिकार करता येईल का? ससा, तितर तरी?

नाही. सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, मग हातात बंदूक असो, फासा असो की धनुष्य. कायद्यातली 'शिकार' नुसती मारण्यापुरती नाही. पकडणं, हाकारा घालून पळवणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. 'बाण लागलाच नाही हो' म्हणून सुटका होत नाही. या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा उल्लेख नावानिशी आहे.

काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. 'ससा चालतो' असं गावोगावी ठामपणे सांगतात. चालत नाही. तितरही संरक्षित आहे. मग लाँगबो घेऊन करायचं काय, ते प्रश्न १५ मध्ये आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांचं प्रश्न १६ मध्ये.

३. पहिलाच लाँगबो घेतोय. किती पाउंडांचा घेऊ? मी जिमला जातो, ५० चालेल ना?

पाउंड म्हणजे धनुष्य पूर्ण ओढायला लागणारी ताकद. मोठ्या माणसानं २५ ते ३० पाउंडांपासून सुरुवात करावी. सडपातळ बांध्याच्या किंवा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना १८ ते २४ पुरे. बायसेप्सचा इथे फार उपयोग नाही. धनुष्य ओढायचं ते खांद्याच्या पात्यांमधल्या स्नायूंनी, आणि जिमला जाणाऱ्यांचेही ते स्नायू या कामाला सरावलेले नसतात.

मागच्या हिवाळ्यात एक उंचापुरा गडी ऑनलाइन मागवलेलं ५० पाउंडांचं धनुष्य घेऊन आला. पहिले तीन बाण बरे गेले. चौथ्याला डावा खांदा कानाशी आला. पाचव्याला दोरी गालापर्यंत पोचायच्या आतच सुटली. सातवा बाण टार्गेटच्या पोत्यावरून थेट शेजारच्या तुरीत. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचे जांभळे वळ उठले होते. शेवटी त्यानं काही न बोलता आमचं २८ चं धनुष्य उचललं आणि सराव संपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

आमची चाचणी साधी आहे. धनुष्य पूर्ण ओढा, दहा आकडे मोजा आणि न थरथरता, दोरी हातात धरूनच सावकाश परत न्या. हे सलग तीनदा जमलं तर ते वजन तुमचं. नाही जमलं तर पाच पाउंड खाली या.

यावर कुणीतरी जुन्या इंग्लिश तिरंदाजांचा दाखला देतंच. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यावरच्या लाँगबोंपैकी कित्येकांची ओढ शंभर पाउंडांच्या पुढे होती, हे खरं. पण ते लोक पोरवयापासून ओढत आलेले होते. आपण रविवारी दोन तास ओढणार.

४. धनुष्यावर "३५ @ २८" लिहिलंय. म्हणजे काय? आणि लांबी किती घ्यायची?

दोरी २८ इंच ओढली तर ३५ पाउंड ताकद लागते, असा त्याचा अर्थ. तुमची ओढ, म्हणजे तुम्ही दोरी जितकी मागे आणता ती लांबी, २८ इंच नसेल तर इंचामागे साधारण दोन ते तीन पाउंड धरा. २६ इंच ओढणाऱ्याच्या हातात तेच धनुष्य तिशीच्या आसपास भरतं.

आपली ओढ काढायला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा. मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि अडीचनं भागा. ६८ इंच आलं तर ओढ साधारण २७. लाँगबोवाले कोपर किंचित वाकवून, ओठाच्या कोपऱ्याशी दोरी आणून सोडतात, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धा-एक इंच कमीच येते.

ओढ २६ च्या आत असेल तर ६४-६६ इंची धनुष्य, २७-२८ ला ६६-६८, त्याहून जास्त असेल तर ६८-७०. शंका आली तर लांबातलं घ्या. आखूड धनुष्यात दोरीचा कोन तीव्र होतो, बोटं चिमटतात आणि काठीवरही ताण येतो.

५. अख्ख्या लाकडाचं घेऊ, फायबरचं की बांबूचं?

पहिलं धनुष्य असेल तर लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि बाहेरून फायबरग्लास चिकटवलेलं लॅमिनेटेड घ्या. ते हवामानाला कमी कुरकुरतं आणि नवशिक्याच्या चुका सहन करतं.

एकाच लाकडातून कोरलेलं धनुष्य देखणं असतं. माझ्याकडे एक आहे आणि माझा जीव त्यातच आहे. पण तासभर चढवून ठेवलं की त्याची ओढ जराशी उतरते, आणि आपल्या ओढीपेक्षा दोन इंच जास्त ओढणारा पाहुणा एका झटक्यात ते मोडू शकतो. बांबूचं धनुष्य आपल्याकडे 'इंडियन राउंड' स्पर्धांमध्ये वापरतात. स्वस्त आणि हलकं असतं, शाळकरी मुलांसाठी उत्तम. मुलाला शालेय स्पर्धेत उतरवायचं असेल तर लाँगबोच्या नादी न लागता बांबूचंच घ्या.

६. जुनं धनुष्य मिळतंय. काय बघून घेऊ?

खिशात कापसाचा बोळा घेऊन जा. काठीच्या दोन्ही अंगांवरून तो सावकाश फिरवा. कुठे धागे अडकले तर तिथे चीर किंवा कुसळ आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. नंतर दोरी चढवून धनुष्य उभं धरा आणि टोकाकडून पाहा. दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे. एका बाजूला पळत असेल तर काठीला पीळ पडलाय. विकणारा 'बघा, जोरदार आवाज येतो' म्हणत रिकामी दोरी ओढून सोडायला लागला तर तिथूनच परत फिरा. बाण न लावता दोरी सोडली की सगळा झटका काठीच खाते, आणि त्यानं हे आधी किती वेळा केलं असेल कुणास ठाऊक.

७. आमच्या बांधावर कळकाचं बेट आहे. घरी करता येईल का?

येईल, पहिली दोन मोडतील ही तयारी ठेवा. पक्व कळक तोडा, उभा चिरा आणि सावलीत काही महिने वाळू द्या. उन्हात वाळवला तर तडकतो. बांबूची बाहेरची हिरवी, गुळगुळीत बाजू धनुष्याच्या पाठीला, म्हणजे तुमच्यापासून दूर ठेवा आणि तिला पटाशी लावू नका. ताण तीच सोसते. तासायचं ते फक्त आतल्या बाजूनं. थोडं तासायचं, थोडं वाकवून बघायचं. दोन्ही बाहू सारखे वाकतायत ना, हे कुणाला तरी समोर उभं करून पाहायला सांगा. शेवटी जवसाचं तेल चोळा.

८. अंगठ्यानं ओढायचं ना? एकलव्याचा अंगठाच मागितला होता!

प्रश्न अगदी बरोबर आहे. अंगठ्यानं ओढण्याची पद्धत आशियातल्या आखूड धनुष्यांची. तुर्की, मंगोल, कोरियन तिरंदाज अंगठ्यात कडी घालून ओढतात. लाँगबो ओढतात तीन बोटांनी: तर्जनी बाणाच्या वर, उरलेली दोन खाली, आणि अंगठा आत दुमडलेला. त्यामुळे लाँगबोसाठी अंगठ्याची कडी घेऊ नका. चामड्याचा फिंगर टॅब किंवा तीन बोटांचा हातमोजा घ्या, आणि डाव्या हातावर आर्मगार्ड. प्रश्न ३ मधले जांभळे वळ आठवा.

९. बाण कोणते? दुकानात प्लॅस्टिकच्या पंखांचे स्वस्त मिळतात.

ते घेऊ नका. लाँगबोवर बाण जवळजवळ मुठीला घासून जातो. पीस दबतं आणि पुढे निघून जातं. प्लॅस्टिकचा पंख आपटून बाणालाच वळवतो. पंख पिसाचेच हवेत.

दुसरी गोष्ट बाणाच्या दांड्याचा ताठपणा, म्हणजे स्पाइन. दोरी सुटली की बाण सरळ जात नाही. मुठीला वळसा घालताना माशासारखा वळवळतो आणि मग सरळ होतो. फार ताठ बाण उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे. नेम बरोबर असूनही सगळे बाण एकाच बाजूला पडत असतील तर स्वतःला दोष देण्याआधी स्पाइन तपासा.

वजन पाउंडामागे निदान ८ ग्रेन, शक्यतो ९-१० ठेवा. ३५ च्या धनुष्याला ३५० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २३ ग्रॅमचा बाण छान बसतो. फार हलका बाण म्हणजे जवळपास रिकामी दोरी सोडल्यासारखंच. लाकडी बाण दर फेकीनंतर कानाजवळ धरून हलकेच वाकवा. 'टिक' आवाज आला की तो चुलीत.

१०. दोरी चढवताना पाय अडकवून चढवतात तसं करू का?

करू नका. काठीला पीळ पडतो, आणि हातातून निसटली तर ती थेट तोंडावर येते. दोरी चढवायला स्ट्रिंगर विकत मिळतो, नाहीतर नायलॉनच्या दोरीला दोन टोप्या शिवून घरीही होतो. दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर साधारण ६ ते ७ इंच ठेवा. मूठ वळून अंगठा वर केला की जेवढी उंची होते तेवढं. जुन्या किंवा अख्ख्या लाकडी धनुष्याला डेक्रॉनचीच दोरी लावा. आधुनिक न ताणणाऱ्या दोऱ्या त्यांची टोकं कापतात. सराव संपला की दोरी उतरवा.

११. सोलापूरच्या उन्हाळ्यात धनुष्य सांभाळायचं कसं?

गाडीत ठेवू नका. एप्रिलमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना बंद गाडीत काय होत असेल, ते स्टिअरिंगला हात लावला की कळतं. मी एकदा 'पाचच मिनिटं' म्हणून जेवायला थांबलो. चपाती, शेंगाचटणी, गप्पा, तास गेला. संध्याकाळी दोरी चढवली तेव्हा वरच्या बाहूतून बारीक कटकट ऐकू आली आणि फायबरची पट्टी नखाएवढी सुटलेली दिसली. डिंक उन्हानं सैल झाला होता. ते धनुष्य आता भिंतीवर आहे.

घरात आडवं, दोन खुंट्यांवर ठेवा. कोपऱ्यात उभं टेकवू नका. कूलरच्या थेट झोतात नको. पावसाळ्यात दोरीला मेण लावा आणि पिसं भिजली तर चहाच्या वाफेवर धरून फुलवा.

१२. टार्गेट कशाचं करायचं? आम्ही कडब्याच्या पेंढ्या लावल्या, बाण आरपार जातात.

जाणारच. बाण धाटांच्या मधल्या फटींतून निघून जातो, आणि जो धाटात रुततो तो काढताना पिसं सोलून निघतात. सोलापूरकरानं यासाठी पैसे घालवूच नयेत. एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांतून कातरणाच्या चिंध्या किलोवर मिळतात. प्लॅस्टिकच्या दोन पोत्यांत त्या पाय देऊन दाबून भरा, तोंड सुतळीनं शिवा आणि वर जुनी चादर ताणून बांधा. आमचं असलं पोतं तिसरं वर्ष चाललंय. मऊ पडलं की पुन्हा चिंध्या कोंबायच्या. सुई-दोरा किंवा कपड्यांची बटणं आत राहू देऊ नका, बाणाची टोकं खराब होतात.

१३. गच्चीवर किंवा सोसायटीच्या मागे सराव केला तर?

गच्चीवर अजिबात नाही. ३० पाउंडांच्या धनुष्याचा चुकलेला बाण शंभर मीटरच्या पुढे सहज जातो. पोत्यामागे उंच मातीचा बांध किंवा दूरवर मोकळं, दिसणारं रान हवं. उभी तूर किंवा ऊस 'मोकळं रान' नव्हे, आत खुरपणारी बाई दिसत नाही. आकाशाकडे बाण कधीही सोडायचा नाही.

१४. रस्त्यानं नेताना पोलिसांनी अडवलं तर?

दोरी उतरवून, पिशवीत, बाण झाकणाच्या नळीत, एवढं केलं तर सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर पिशवी उघडून दाखवा. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश लागू असतील त्या दिवसांत नेऊच नका. त्यात लाठीकाठीपासून इजा करू शकणारी कोणतीही वस्तू बाळगायला मनाई असू शकते, आणि सणासुदीला, निवडणुकीला, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास असे आदेश निघाले आहेत का ते आधी बघून घ्यावं. विमानात केबिनमध्ये नेता येत नाही. चेक-इनमध्ये टाकायचं, तेही विमान कंपनीला आधी विचारून.

१५. शिकार नाही, मग पोत्यावर बाण मारून कंटाळा येत नाही का?

पोत्यावर येतो. म्हणून आम्ही पुठ्ठ्यातून रानडुक्कर, ससा, हरीण कापून पोत्यांवर लावतो आणि बांधाच्या उतारावर, बाभळीच्या आड, कडब्याच्या गंजीमागे ठेवतो. अंतर मोजायचं नाही. प्रत्येकाला एकच बाण. कुठे गुडघ्यावर बसून, कुठे झुडपाखालून वाकून सोडायचा. ज्याचा बाण पुठ्ठ्याच्या पोटात लागला, म्हणजे प्राणी जखमी होऊन पळाला असता, त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. हा नियम लागू केल्यापासून वीस मीटरच्या पुढून बाण सोडायचं सगळ्यांनीच बंद केलं आहे.

जगभर यालाच थ्रीडी तिरंदाजी म्हणतात. फोमचे प्राणी असतात. जागतिक संघटनेच्या थ्रीडी स्पर्धांत लाँगबोचा वेगळा गट आहे, आणि त्यात बाण लाकडीच लागतात.

१६. रानडुकरांनी मका उद्ध्वस्त केला. स्वतःच्या शेतात तरी मारू शकतो ना?

स्वतःचं शेत असलं तरी परवानगीशिवाय नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती कुणाला, कशी, किती दिवस, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि त्याबाहेर एक पाऊलही टाकता येत नाही. आधी वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या. फोटो त्याच सकाळी काढा. आणि खरं सांगायचं तर ३० पाउंडांच्या लाँगबोनं रानडुक्कर मरत नाही, चिडतं.

१७. उजनीत बाणानं मासे मारले तर? मासे म्हणजे काही शिकार नाही.

धरणातली मासेमारी परवान्याची बाब आहे. परवानगी नसताना बाणानंही नको आणि गळानंही नको. शिवाय पाण्यात मासा दिसतो त्याहून खोल असतो, आणि दगडावर आपटलेला बाण उसळून कुठे जाईल याचा नेम नसतो. काठावर पक्षी पाहायला आलेली माणसं असतात.

१८. आमचं शेत नान्नजजवळ, माळढोक अभयारण्याला लागून आहे. तिथे सराव चालेल?

इथे जरा गुंता आहे. अभयारण्याच्या जमिनी सलग नाहीत, तुकड्या-तुकड्यांत आहेत, मध्ये खासगी शेतं. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायला बंदी आहे, आणि धनुष्यबाण त्या व्याख्येत येतो (प्रश्न २). त्यामुळे आपलं शेत हद्दीच्या आत की बाहेर, हे वन विभागाच्या कार्यालयात जाऊन गट नंबरनिशी विचारा. बाहेर असलं तरी माझं मत नको असंच आहे. काळविटांचे कळप शेतांतून ये-जा करतात, तिथे धनुष्य घेतलेला माणूस पाहून कुणालाही शंका येईल. नान्नजला दुर्बीण घेऊन जा.

१९. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे लाँगबोनं हरणाची शिकार कायदेशीर आहे म्हणतो. खरं का?

खरं आहे. विस्कॉन्सिननं १९३४ मध्ये धनुष्यासाठी वेगळा हंगाम सुरू केला. आता तिथे राज्याराज्यांचे वेगळे नियम आहेत: परवाना, हंगाम, काही ठिकाणी प्रशिक्षण सक्तीचं, आणि धनुष्याची किमान ओढ, बऱ्याच ठिकाणी ३५ ते ४० पाउंडांच्या आसपास. गंमत म्हणजे लाँगबोचं माहेर असलेल्या ब्रिटनमध्ये मात्र धनुष्यानं शिकार बेकायदा आहे.

भाच्याला एवढं सांगा. बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. तो कापतो आणि रक्त जाऊन प्राणी मरतो. म्हणून फाळ वस्तऱ्यासारखा हवा, बाण जड हवा आणि अंतर पंधरा-वीस यार्डांच्या आत. प्राणी आडवा किंवा किंचित पलीकडे तोंड करून उभा असेल तरच, पुढच्या पायामागे फुप्फुसांवर. समोरासमोर उभा असेल तर धनुष्य खाली. बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही. निदान अर्धा तास थांबायचं, नाहीतर जखमी जनावर मैलभर पळतं. आणि सरावात दहापैकी दहा बाण ताटाएवढ्या वर्तुळात पडत नसतील तर यंदा त्यानं फक्त बघायला जावं.

२०. पारध्यांकडे खरी शिकारीची धनुष्यं मिळतात का?

हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं. फासेपारधी हे नाव फाशावरून आलं. त्यांचं कसब फाशांचं. याच सोलापुरात ब्रिटिशांनी 'गुन्हेगार जमात' म्हणून माणसांना सेटलमेंटच्या तारेआड कोंडलं होतं. आजही कुठे शिकार झाली की संशय आधी तिकडेच जातो. तुमच्या छंदासाठी त्यांच्या दारात शिकारीची चौकशी करायला जाऊ नका.

२१. रविवारी बघायला यायचं आहे. काय घेऊन येऊ?

पाणी, टोपी आणि घट्ट बाह्यांचा शर्ट. सैल बाहीत दोरी अडकते. ओढणी, गळ्यातली साखळी घरी ठेवा. धनुष्य विकत घेऊन येऊ नका. आमच्याकडे २२ पासून ३८ पर्यंतची आहेत, चार रविवार ती ओढून बघा आणि मग ठरवा. साडेसहाला सुरू करतो, ऊन चढलं की नऊला गुंडाळतो.